सोलरची आगोट: कोकणातल्या छपरावरचा संच कसा टिकवायचा

सोलर पॅनेलच्या देखभालीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या, धुळीच्या मुलखासाठी लिहिलेलं असतं. दर आठवड्याला काच पुसा, की झालं. कोकणात या सल्ल्याने फारसं साधत नाही. इथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काच तोच धुऊन काढतो. इथे संच बिघडतो तो काचेच्या मागे आणि खाली: केबलच्या जोडात, बोल्टाच्या आट्यांत, खांबाच्या बुडाशी, पेटीच्या भोकात. पाणी आणि मीठ जिथून आत शिरतं त्या जागा शोधून बंद करणं, हीच इथली देखभाल.

आणि तिची वेळ ठरलेली आहे: आगोट, म्हणजे पाऊस लागण्याआधीच्या तयारीचे दिवस. कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, लाकूडफाटा आत घ्यायचा, त्याच आठवड्यांत सोलरचंही काम उरकायला हवं. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. मृग लागल्यावर शेवाळलेल्या स्लॅबवर किंवा ओल्या कौलांवर चढून बोल्ट आवळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवाय ओल्यात लावलेला रंग आणि सिलिकॉन धरतही नाही.

पुढचे आकडे घरगुती ३ किलोवॅटच्या संचाचे आहेत: ५४० वॅटची ६ पॅनेल, एकापाठोपाठ एक जोडून एकच स्ट्रिंग. अशा एका पॅनेलचा बिनभाराचा व्होल्टेज साधारण ४९ व्होल्ट असतो, म्हणजे स्ट्रिंगच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी. उजेड आहे तोवर तो असतोच. घरातला मेन स्विच पाडला, महावितरणची लाइन गेली, तरी पॅनेलपासून डीसी पेटीपर्यंतची केबल जिवंत राहते. डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही, टोकं लांब नेली तर तीही लांबते. म्हणून चालू संचाचा कनेक्टर, म्हणजे केबलचा जोड, कधीही ओढून काढायचा नाही. आधी एसी पेटीतला एमसीबी खाली, मग इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसीची घरातली एसी वीज करणारं यंत्र) थांबल्याची खात्री, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची केबल इन्व्हर्टरपासून तोडणारा खटका) बंद.

घरच्या माणसाने डोळ्यांनी बघावं, धुवावं, पानं काढावीत, बोल्टांवरच्या खुणा तपासाव्यात. कनेक्टर उघडणं, पेटीत हात घालणं, अर्थिंग मोजणं हे जाणकार, परवानाधारक माणसाचं काम. पीएम सूर्यघर योजनेतून संच बसवला असेल तर बसवणाऱ्याने ५ वर्षं देखभाल करायची असते. ती भेट मे महिन्यातच मागून घ्या आणि खाली सांगितलेलं त्याच्याकडून करून घ्या. डिसेंबरात येऊन काच पुसून गेलेल्या माणसाचा कोकणात फारसा उपयोग नाही.

सांगाडा आणि बोल्ट

वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या चांगल्या लोखंडावर साधारण ८० मायक्रॉन जस्त असतं. बाजारात जीआय म्हणून सहज मिळणाऱ्या पातळ पाइपावर ते त्याच्या जवळपासही नसतं, आणि हर्णे, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी किनाऱ्यालगतच्या वाडीत हा फरक लवकरच दिसतो. गंजाची सुरुवात नेहमी त्याच जागांवर होते: जागेवर ग्राइंडरने कापलेलं टोक, ड्रिलने पाडलेलं भोक आणि वेल्डिंगचा जोड. तिथलं जस्त जळालेलं किंवा खरवडलेलं असतं.

दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा. मग तो भाग गोड्या पाण्याने धुवा. पूर्ण वाळू द्या. मग झिंक-रिच प्रायमरचे दोन हात आणि वर एपॉक्सी किंवा पीयू रंगाचा एक हात. धुण्याची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच काम फसतं. रंगाखाली मीठ राहिलं की ते ओलावा ओढून घेतं आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड येतात. रंगकाम पाऊस सुरू होण्याच्या निदान आठवडाभर आधी संपलं पाहिजे.

चौकोनी पाइपाची उघडी टोकं टोपण घालून बंद करा. नाहीतर पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही, एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की आरपार जातो. खांब जिथे स्लॅबवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा आहे तिथे बेसप्लेटभोवती पाणी साचत असेल तर सिमेंटचा उतार काढून घ्या, पाणी बाहेर वाहायला हवं.

बोल्ट स्टेनलेसचेच हवेत हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण स्टेनलेसमध्येही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार सर्रास मिळतात. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर पोचतात अशा घरांना ३१६ घ्यावेत. ३०४ वर तिथे तपकिरी डाग पडतात आणि पुढे आट्यांत खड्डे पडायला लागतात. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची आणि सांगाडा लोखंडाचा, मधे खारं पाणी, म्हणजे दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात एक धातू झिजत जातो. दोघांच्या मधे ईपीडीएम रबराची किंवा नायलॉनची चकती असली की हे टळतं. अर्थिंगसाठी चौकटीवर उघडी तांब्याची तार थेट आवळलेली दिसली तर तीही बदलून घ्या. तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खातं. कथील चढवलेली लग (तारेच्या टोकाला बसवायची पट्टी) आणि स्टेनलेस वॉशर हवा.

पॅनेल धरणाऱ्या क्लॅम्पचे एम-८ बोल्ट साधारण १६ ते २० न्यूटन-मीटर इतके आवळतात. नेमका आकडा पॅनेलच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा. जास्त आवळलं तर चौकट वाकते आणि काचेवर ताण येतो. स्टेनलेसचा नट कोरडाच पॉवर ड्रिलने जोरात फिरवला तर आटे एकमेकांत जखडतात, मग तो ना पुढे जातो ना मागे येतो. त्यासाठी अँटी-सीझ पेस्टचं एक बोट पुरतं. टॉर्क पान्याने आवळून झालं की नटावरून क्लॅम्पवर जाणारी एक सरळ रेघ ऑइलपेंटने ओढून घ्या. वादळवाऱ्यानंतर खालून दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या झूमने बघितलं तरी रेघ तुटलेली दिसते, म्हणजे नट फिरला आहे. पान्याला हात न लावता अर्धी तपासणी होते.

केबल आणि कनेक्टर

कोकणात जितके संच पावसाळ्यात बंद पडतात, त्यांतले बरेचसे इथेच अडकलेले असतात. म्हणून जरा सावकाश.

पॅनेलखालच्या केबल नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. पांढऱ्या पट्ट्या उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, केबल पत्र्यावर किंवा कौलावर लोंबते, वाऱ्याने घासली जाते आणि पाण्याच्या वाटेत पडते. मे महिन्यात प्रत्येक पट्टी ओढून बघा. नवी लावताना उन्हाला टिकणारी काळी किंवा प्लास्टिकचा लेप असलेली स्टेनलेसची पट्टी लावा. फार आवळू नका, केबल जरा हलली पाहिजे.

कनेक्टर पॅनेलच्या खालच्या कडेला, म्हणजे पाणी गळतं त्याच रेषेत ठेवलेले असतील तर ते आत, वर सरकवून घ्या. कनेक्टर आडवा टांगलेला बरा. उभा असेल आणि पाणी केबलवरून ओघळून थेट त्याच्या मागच्या नटात शिरत असेल तर रबरी सील कितीही चांगला असो, दोन-चार पावसाळ्यांत हार मानतो. केबल कुठल्याही पेटीत किंवा कनेक्टरमध्ये जाण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं. पेटीत केबल नेहमी खालून शिरावी. वरून किंवा बाजूने भोक पाडलेलं असेल तर ते बुजवून खालून घ्यायला सांगा, मग बसवणारा कितीही कुरकुरला तरी.

पीव्हीसी पाइपातून केबल नेली असेल तर पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणावर ६ मिलिमीटरचं भोक हवं. पाइपात पाणी शिरणारच, निदान आतल्या हवेतला ओलावा रात्री थेंब होऊन साचणारच. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर केबल वर्षानुवर्षं पाण्यात बुडून राहते.

एमसी-४ पद्धतीच्या कनेक्टरची दोन्ही तोंडं एकाच कंपनीची हवीत. वेगवेगळ्या कंपन्यांची तोंडं टक्कन बसतात आणि सगळं ठीक दिसतं, पण आतल्या पिनेचं माप आणि सीलचं रबर किंचित वेगळं असतं. संपर्क कमी, उष्णता जास्त, मग प्लास्टिक मऊ आणि मग पाणी आत. तसंच पिना पकडीने दाबून बसवलेल्या असतील तर त्यांचा भरवसा नाही, त्यासाठी वेगळं क्रिम्पिंग हत्यार असतं. तपासायचं कसं? स्वच्छ उन्हात दुपारी बारा-एकला, संच पुऱ्या जोमात असताना, इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक कनेक्टरवर धरा. सगळे सारखे गरम असावेत. एखादा शेजाऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी तापलेला असला की तो बदलायचा. बाहेरून तपकिरी पडलेला किंवा किंचित वाकलेला कनेक्टर तर विचार न करता बदलावा. आणि काम अर्धवट राहिलं तर उघडं तोंड रात्रभर तसंच ठेवायचं नाही. टोपण घाला, नसेल तर निदान प्लास्टिक गुंडाळून खाली तोंड करून बांधा.

सकाळचा लाल दिवा

पावसाळ्यातली नेहमीची तक्रार: सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा, पडद्यावर आयएसओ फॉल्ट किंवा इन्सुलेशन लो असा संदेश, आणि अकराच्या सुमाराला जरा ऊन पडलं की संच आपोआप चालू. बरं झालं म्हणून लोक सोडून देतात. तसं करू नका. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी डीसी बाजूचा अर्थपासूनचा, म्हणजे जमिनीपासूनचा, विद्युत विरोध मोजतो. तो कमी भरला याचा अर्थ कुठेतरी पाणी तांब्यापर्यंत पोचलं आहे. दुपारी ते वाळतं, पण मागे मीठ आणि गंज ठेवून जातं. दर वेळी जागा थोडी आणखी खराब होते. शिवाय अशा वेळी पॅनेलच्या ओल्या चौकटीला हात लागणं धोक्याचं असतं.

हा दोष शोधायची एक पद्धत आहे आणि त्यासाठी छपरावर चढावं लागत नाही. ती कनेक्टर हाताळणाऱ्या जाणकारानेच करावी, पण घरमालकाला माहीत असली तर काम नीट होतं. दोष दिसत असतानाच, म्हणजे ओल्या सकाळी, डीसी आयसोलेटर बंद करून स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून वेगळी करायची. आधी डीसी पेटीतल्या एसपीडीच्या (विजेचा अचानक आलेला लोट अर्थकडे वळवणाऱ्या उपकरणाच्या) कार्ट्रिज काढून बघायच्या, कारण खराब एसपीडीही हाच दोष दाखवतो. मग प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असे तीन व्होल्टेज घ्यायचे. निरोगी स्ट्रिंगमध्ये अर्थशी घेतलेले दोन्ही आकडे भरकटत शून्याकडे उतरतात. दोष असेल तर ते एका जागी थांबतात.

समजा एकूण २९४ व्होल्ट आहेत, म्हणजे पॅनेलमागे ४९. प्लस ते अर्थ १९६ आणि मायनस ते अर्थ ९८ आले. १९६ म्हणजे ४ पॅनेल, ९८ म्हणजे २. प्लसकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनेलच्या मधला जोड तपासायचा, भिजलेला कनेक्टर किंवा सोललेली केबल तिथेच सापडते. मायनस ते अर्थ शून्य आणि प्लस ते अर्थ पूर्ण २९४ आला तर छपरावरून खाली येणारी मायनसची लांब केबल तपासा, बहुधा ती पाइपाच्या कडेला किंवा पत्र्याच्या धारेला घासलेली असते. आकडा ४९ च्या पटीत बसत नसेल तर दोष एखाद्या पॅनेलच्या आत आहे: मागच्या जंक्शन बॉक्सचं झाकण, किंवा मागचा पडदा तडकलेला. असं पॅनेल वॉरंटीत बदलून मागायचं, त्यावर सिलिकॉन थापून चालवायचं नाही.

अजून एक. ओल्या पॅनेलमधून अर्थकडे जाणारा गळतीचा प्रवाह कोरड्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे काही घरांत भर पावसात आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा खटका) पडतो. तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत कोणत्या प्रकारचा आणि किती मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा ते लिहिलेलं असतं, तो इन्व्हर्टरच्या सर्किटला वेगळा लावून घ्यावा.

अर्थिंग आणि वीज

जांभ्यात अर्थिंग अवघड. खडक सच्छिद्र, पाणी लगेच झिरपून जातं आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत. म्हणून अर्थचा विरोध मे महिन्यातच मोजायचा. जुलैत मोजलेला आकडा चांगलाच येतो, त्याच्यावर विसंबू नका, कारण वळवाच्या सरींबरोबर येणाऱ्या विजा मेमध्येच कोसळतात. ५ ओमच्या आत असावा. जास्त आला तर खड्ड्यात बेंटोनाइटचं मिश्रण भरून घेणं किंवा पहिल्या रॉडपासून निदान रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर दुसरा रॉड ठोकून जोडणं हे दोन मार्ग. नुसतं मीठ-कोळसा ओतू नका, मीठ पावसात वाहून जातं आणि जाता जाता पट्टी खातं. जीआय पट्टी जिथे जमिनीतून बाहेर येते तिथे ती सगळ्यात आधी गळते. तेवढी वीतभर जागा दरवर्षी माती बाजूला करून बघा.

आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजवाहकाचं अर्थिंग, डीसी आणि सांगाड्याचं अर्थिंग आणि एसीचं अर्थिंग यांचे तीन वेगळे खड्डे असतात. वादळी पावसानंतर एसपीडीची छोटी खिडकी बघायची सवय लावा. हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली म्हणजे त्याने आपलं काम केलं, आता कार्ट्रिज बदला. लाल खिडकीवर संच चालतच राहतो, म्हणून महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही, आणि परतीच्या पावसातली पुढची वीज थेट इन्व्हर्टरवर येते. विजेनंतर एखाद्या पॅनेलचा व्होल्टेज ४९ वरून ३३ च्या आसपास उतरलेला आढळला तर त्याच्या तीनपैकी एक बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेणारा तुकडा) गेलेला असतो.

इन्व्हर्टर कुठे टांगला आहे तेही बघा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या उघड्या पडवीतली भिंत त्याला सगळ्यात वाईट, उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत बरी. भोवती निदान ३० सेंटिमीटर मोकळी जागा. पेट्यांची केबलची भोकं ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आणि डक्ट पुट्टीने बंद हवीत. पाली आणि मुंग्या उबेसाठी आत शिरतात, पाल दोन टोकांवर आडवी पडली की पेटी जळते. मुंग्यांसाठी पेटीत औषधी फवारा मारू नका, त्याचा थर संपर्कांवर बसतो.

काच

आता धुण्याचं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत काचेला बहुधा हात लावायची गरज नसते. अपवाद खालच्या कडेचा. पॅनेल १० अंशांपेक्षा कमी उताराचं असेल तर चौकटीच्या खालच्या कडेला पाणी थांबतं, तिथे गाळ साचतो आणि मग शेवाळ धरतं. बोटभर पट्टी दिसते, पण पॅनेल उभं लावलेलं असेल तर ती खालच्या अख्ख्या ओळीच्या पेशींवर सावली टाकते आणि खालच्या निम्म्या भागाची वीज घटते. आडव्या पॅनेलमध्ये तोटा साधारण एक तृतीयांशापर्यंत राहतो. चौकटीवर लावायच्या पाणी उतरवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. चौकटीची जाडी मोजून, ३० की ३५ मिलिमीटर, तशा घ्या. स्वस्त वस्तू आहे आणि कोकणात तिचा उपयोग इतर कुठल्याही साफसफाईच्या साधनापेक्षा जास्त होतो.

पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात, एक नीट धुणं हवं. शेवाळ ओलं असतानाच मऊ ब्रशने निघतं. ब्लेड, तारेची घासणी, चुना, ॲसिड काहीही नको. काचेवरचा प्रकाश परावर्तन रोखणारा लेप फार पातळ असतो.

नोव्हेंबर ते मे दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावं. चिरेखाणीची तांबडी धूळ, राब भाजतानाची काजळी आणि किनाऱ्याजवळ मिठाचा थर, तिन्ही या काळात जमतात. यांच्याहून चिवट त्रास आंब्याचा. मोहोरावर तुडतुडे आले की त्यांच्या अंगातून पडणारा चिकट द्रव झाडाखालच्या सगळ्यावर शिंपडला जातो, त्यावर धूळ चिकटते आणि मग काळी बुरशी वाढते. देवगड-रत्नागिरीच्या बागांत कलमांच्या शेजारी असलेल्या छपरांवर हे हमखास होतं. नुसत्या पाण्याने तो जात नाही. पहाटे काच थंड असताना ओलं फडकं दहा मिनिटं अंथरून ठेवा, मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ मॉपने पुसा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. साबण राहिला तर त्यावर धूळ पुन्हा चिकटते. भुरीसाठी गंधकाची फवारणी केली असेल तर दुसऱ्या दिवशी पॅनेल धुऊन घ्या.

पाणी कुठलं? किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, ते पाणी काचेवर वाळलं की मिठाचा थर आपणच लावल्यासारखं होतं. आरशावर चमचाभर पाणी उन्हात वाळवून बघा. पांढरं वर्तुळ राहिलं तर ते पाणी वापरू नका, किंवा नाइलाज असेल तर शेवटचा हात रबरी वायपरने पूर्ण ओढून घ्या. ६ पॅनेलना वीसेक लिटर पाणी पुरतं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, प्रेशर वॉशर लावायचा नाही, कोरडं फडकं घासायचं नाही, आणि पॅनेलवर पाय तर कधीच नाही. पायाखाली काच फुटली नाही, तरी आतल्या पेशींना केसासारखे तडे जातात आणि ओलावा पुढचं काम करतो.

छप्पर, नारळ, वादळ

कौलारू घरावर पॅनेलचे हूक वाशाला धरलेले हवेत, रिपेला नव्हे. मे महिन्यात पॅनेलखालची पानं काढा, नाहीतर पाणी अडून उलटं कौलाखाली जातं. पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर असावेत, नळीत नकोत. रबरी वॉशर कडक झाले असतील तर बदला. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्ताला खातं.

नारळाखाली पॅनेल लावूच नये. पॅनेलची गारांची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने होते, नारळापुढे ती काहीच नाही. माड तोडायची कोणाची तयारी नसते आणि नसावीही, मग निदान मेमध्ये पाडेल्याला बोलावून सुकी झापं आणि जून नारळ उतरवून घ्या. दक्षिणेकडचे माड हिवाळ्यात नडतात: डिसेंबरात भर दुपारीही सावली झाडाच्या उंचीच्या पाऊणपटीहून लांब पडते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. चक्रीवादळ पुढे सरकतं तसा वारा दिशा बदलतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलला समोरून दाब येतो आणि नंतर पाठीमागून उचल बसू शकते. पुढून भक्कम दिसणारा सांगाडा मागच्या पायांवर उचकटतो. मागच्या खांबांना तिरके टेकू आणि प्रत्येक पॅनेलला चार क्लॅम्प, चारही पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, एवढं असलं पाहिजे. इशारा आला की संच वर सांगितलेल्या क्रमाने बंद करा, छपरावरचे सुटे पत्रे, विटा, ड्रम खाली घ्या. दोरीने पॅनेल बांधू नका, दोरी हलून चौकटीच घासते.

साधा ग्रिडला जोडलेला संच लाइन गेली की बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तसं असणं आवश्यकच आहे. वादळानंतर घरात उजेड हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. काच फुटलेलं पॅनेल ओलं असताना शिवायचं नाही. फुटलेलं पॅनेलही वीज देतं. बदलताना नव्या पॅनेलचा प्रवाह जुन्यांएवढा किंवा जास्त हवा, कमी प्रवाहाचं एक पॅनेल सगळ्या स्ट्रिंगला आपल्या पातळीवर आणतं.

संच ठीक आहे हे कसं ओळखायचं

जुलैचं उत्पादन मार्चच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी येणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका. मागच्या महिन्याशी तुलना नको. मागच्या वर्षीचा तोच महिना, आणि जवळच्या दुसऱ्या घराचा तोच दिवस, या दोन तुलना खऱ्या. फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी ३ किलोवॅटचा निरोगी संच २.३ ते २.५ किलोवॅटच्या आसपास दाखवतो, पॅनेल तापल्यामुळे पूर्ण ३ दिसत नाहीत. धुतल्यावरही आकडा २ च्या खाली असेल तर शोध सुरू करा. नेट मीटरिंगमध्ये (लाइनला दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वजा करायची पद्धत) वाचलेली युनिटं ३१ मार्चपर्यंत पुढे ओढली जातात, म्हणजे एप्रिल-मेमधली शिल्लक जुलै-ऑगस्टात उपयोगी येते. म्हणून उन्हाळ्यात संच आठवडाभर बंद राहिला तर त्याचा तोटा पावसाळ्यातल्या बिलातही दिसतो.

चाकरमान्यांच्या बंद घरांसाठी वेगळं सांगायला हवं. गणपती आटोपून निघताना सवयीने मेन स्विच खाली ओढला जातो. सोलरची एसी पेटी त्या मेन स्विचच्या पुढे, घराच्या बाजूला जोडलेली असेल तर संचही त्याच क्षणी बंद होतो आणि थेट मेमध्ये लक्षात येतं. वायरिंग अशी करून घ्या की घरातली सर्किटं पाडता येतील पण मीटर ते इन्व्हर्टर चालू राहील. इन्व्हर्टरची माहिती मोबाइलवर यायला घरातला राउटर चालू लागतो, बंद घरात सिम कार्डचा डोंगल बरा. आणि शेजारच्या काकांना पंधरा दिवसांनी एकदा बघायला सांगायचं असेल तर पेटीशेजारी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवून ठेवा: कोणता दिवा हिरवा असायला हवा, एसपीडीच्या खिडक्या कुठे आहेत, जळका वास आला तर आधी कोणता खटका खाली ओढायचा आणि मग कोणता, आणि कोणाला फोन करायचा.